खाशाबांचा गुडघा आणि आपल्या कॉलेजांचा मालिशवाला

१५ जानेवारी. खाशाबा जाधवांचा वाढदिवस. २०२४ पासून हा दिवस आपल्याकडे राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. पोस्टर लागतात, फोटोला हार पडतो, शाळेतल्या पोरांना दोन तास उन्हात उभं करतात. त्यात चूक काही नाही. पण खाशाबांच्या गोष्टीतले दोन तुकडे कुठल्याच भाषणात नीट येत नाहीत. आजची पोस्ट त्या दोन तुकड्यांवर आहे. थोडी लांब झालीय, चहा घेऊन बसा.

पहिला तुकडा हेलसिंकीचा. साल १९५२. फ्रीस्टाइल कुस्ती, बँटमवेट गट. कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे पैलवान खाशाबांनी मागे टाकले. मग जपानच्या शोहाची इशीशी लढत झाली. ती चांगलीच लांबली. खाशाबा हरले, अंगातली सगळी ताकद त्या मॅटवर सांडून आले. आणि लगेच निरोप आला, सोव्हिएत युनियनच्या मामादबेयोवशी पुढची कुस्ती, आत्ताच्या आत्ता. नियमानं दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. इशीला सोनं, मामादबेयोवला रौप्य, आपल्याला कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला लिअँडर पेसपर्यंत, म्हणजे १९९६ पर्यंत, ४४ वर्षं लागली.

दुसरा तुकडा त्याहून छोटा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना खाशाबांचा गुडघा गेला. संपलं. तिशीच्या उंबरठ्यावरचा पैलवान, एक पदक गळ्यात, आणि पुढची वारी गुडघ्यानं अडवली. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले होते, ती नोकरी केली, असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले, १९८४ मध्ये रस्ता अपघातात गेले.

आता या गोष्टीत माणसं किती आहेत बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचे वडील दादासाहेब, स्वतः पैलवान. बाबुराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी हे वस्ताद. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. तिथले प्राचार्य खर्डेकर, ज्यांनी पोराला हेलसिंकीला पाठवायला स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी रीस गार्डनर नावाचे अमेरिकन प्रशिक्षकही मिळाले होते, तेव्हा खाशाबा सहावे आले. म्हणजे शिकवणारा होता, पैसे देणारा होता, गावाची वर्गणी होती, परत आल्यावर मिरवणुकीला बैलगाड्या होत्या. नव्हता तो एकच माणूस. लढत संपल्यावर टॉवेल घेऊन जाणारा, घड्याळ बघून "माझा गडी अर्धा तास उतरणार नाही" म्हणणारा, आणि गुडघा पहिल्यांदा कुरकुरला तेव्हाच "आता सहा आठवडे जोर-बैठका बंद" असं सांगण्याची ज्याला मुभा आहे, असा.

अमेरिकेत या माणसाला अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणतात. आपल्याकडे ट्रेनर म्हटलं की जिममध्ये डंबेल उचलायला लावणारा टी-शर्टवाला डोळ्यासमोर येतो. हा तो नव्हे. कोचही नव्हे. खेळाडूला दुखापत होऊ नये म्हणून आधी, झाली तर त्या क्षणी, आणि बरा होऊन परत मैदानात उतरेपर्यंत नंतर, असं तिन्ही वेळेला त्याच्या अंगाशी ज्याचा संबंध तो हा माणूस. आणि गंमत अशी की तिथे हा पेशा मोठ्या क्लबांतून आला नाही, कॉलेजांतून आला.

सुरुवात मालिशवाल्यापासूनच झाली बरं का. १८८१ मध्ये हार्वर्डनं जेम्स रॉबिन्सन नावाचा माणूस आपल्या खेळाडूंची तब्येत सांभाळायला ठेवला. तो पहिला ट्रेनर मानतात. त्या काळात या लोकांना तिथे जे नाव होतं त्याचा अर्थ सरळ "चोळणारा" असा होतो. तेलाची बाटली, मलम, गरम पाण्याची बादली आणि खास घरगुती काढे. शिक्षण नाही, मान नाही. डॉक्टर त्यांना भोंदू म्हणत आणि कोच त्यांना गडी समजत. आपल्या तालमीतल्या मालिशवाल्याची ओळख यापेक्षा काय वेगळी होती?

फरक पुढे पडला, आणि तो मढ्यांमुळे पडला. १९०५ च्या एका हंगामात अमेरिकन फुटबॉल खेळताना किमान १८ पोरं मेली. वर्तमानपत्रांनी आकडे छापले, आयाबाया ओरडल्या, काही कॉलेजांनी खेळ बंद केला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून दम भरला. त्यातून कॉलेज खेळांची नियामक संस्था उभी राहिली. नियम बदलले. आणि हळूहळू प्रत्येक कॉलेजच्या लक्षात आलं की बाजूला उभा असलेला चोळणारा जरा शिकलेला हवा. पहिल्या महायुद्धाच्या काळात सॅम्युअल बिलिक नावाच्या डॉक्टरनं ट्रेनर लोकांसाठी खास पुस्तक लिहिलं. कॅन्सासमधल्या क्रॅमर बंधूंनी मोचेवर लावायचं मलम बनवता बनवता ट्रेनर लोकांना एकमेकांशी जोडायला सुरुवात केली. आणि १९५० मध्ये कॅन्सास सिटीत या लोकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

१९५०. हेलसिंकीच्या दोन वर्षं आधी. तिथले चोळणारे एकत्र येऊन "आम्ही कोण, आमचं शिक्षण काय, आमचा अधिकार किती" हे कागदावर लिहीत होते, तेव्हा आपले एक प्राचार्य घराचे कागद बँकेत ठेवायच्या तयारीत होते. १९७० मध्ये तिथे पहिली प्रमाणपत्र परीक्षा झाली. १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननं या कामाला आरोग्यसेवेतला पेशा म्हणून मान्यता दिली. आता तर त्यात शिरायला मास्टर्स पदवी लागते. चोळणाऱ्यापासून मास्टर्सपर्यंत सव्वाशे-दीडशे वर्षं.

मग आपल्याकडे काहीच नव्हतं का? होतं, आणि बरंच होतं. मला तर वाटतं आपण त्यांच्या पुढे निघालो होतो, आणि मध्येच कुठेतरी गाडी रुळावरून उतरली.

बडोद्याला जा. सयाजीराव गायकवाडांचं बडोदं. तिथे जुम्मादादा नावाचे मुसलमान उस्ताद होते. त्यांचा आखाडा पुढे त्यांचे मराठी शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी चालवला आणि संस्थेला नाव गुरूचं ठेवलं, जुम्मादादा व्यायाम मंदिर. आजही तेच नाव आहे. (हल्ली कोणी असं नाव ठेवेल का, हा प्रश्न मी इथेच ठेवून पुढे जातो. कमेंटमध्ये भांडू नका.) माणिकरावांना सयाजीरावांनी राजरत्न किताब दिला. लोक त्यांना लाठी, मलखांब, सांघिक कवायत यांसाठी ओळखतात. पण त्यांची दुसरी ओळख होती हाडवैद्याची. निखळलेला खांदा, मुरगळलेला घोटा, मोडलेलं हाड घेऊन माणसं व्यायाम मंदिरात यायची. व्यायाम शिकवणारा आणि दुखापत बसवणारा एकच माणूस, एकाच छताखाली. अमेरिकेत ज्या गोष्टीला पुढे मोठं नाव मिळालं ती हीच की.

याच माणिकरावांकडे १९०७ ते १९१० या काळात बडोदा कॉलेजचा एक विद्यार्थी तालीम घेत होता. जगन्नाथ गणेश गुणे. पुढे तो स्वामी कुवलयानंद झाला. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी योग-मीमांसा हे नियतकालिक. योगासनं करताना शरीरात काय होतं ते एक्स-रे लावून, रक्तदाब मोजून बघणारा हा माणूस. आज आपण ज्याला स्पोर्ट्स सायन्स म्हणतो त्याची नांदी लोणावळ्याच्या त्या आश्रमात झाली, हे खंडाळा घाट चढताना वडापाव खाणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

मुंबई सरकारनं शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली तेव्हा कुवलयानंद तिचे अध्यक्ष होते. १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था निघाली. तिचे प्राचार्य पी. एम. जोसेफ. हेच जोसेफ पुढे १९५७ मध्ये ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं कॉलेज निघालं तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य झाले. अमरावतीला त्याआधीच, १९१४ पासून, वैद्य बंधूंचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं होतं. त्यांचा संघ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आला. हिटलरच्या बर्लिनमध्ये आपली हुतूतू. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढलं, त्यांचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज १९७७ चं.

एवढी मोठी परंपरा. आणि या सगळ्यांतून बाहेर कोण पडलं? पीटी मास्तर. शिट्टीवाला. मी पीटी मास्तरांना कमी लेखत नाही, माझं निम्मं शहाणपण त्यांच्या छडीचं आहे. पण शिकवणं आणि बरं करणं हे माणिकरावांकडे एकत्र होतं, ते सरकारी पदविकेत आलं तेव्हा दुसरा भाग मागेच राहिला. हाडवैद्याला कोणी पदवी दिली नाही. तो गल्लीत राहिला.

तालमीत तर दुखापतीचं आख्खं शास्त्र होतं. लाल मातीत ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर घालतात ते देखाव्यासाठी नाही. खरचटलेल्या कातडीला ती माती बाधू नये हा हिशोब त्यात आहे. लढत झाल्यावर अंग रगडणं, थंडीत तीळतेल, वस्तादानं नुसत्या चालीवरून ओळखणं की पोराची कंबर धरलीय. हे ज्ञान होतं. त्यात चुकाही होत्या. ताजा मुरगळलेला पाय जोरात चोळणं ही सगळ्यात मोठी. सुजलेल्या जागेत आतून रक्त साचत असतं तेव्हा रगडलं तर सूज वाढते. आतलं हाड चिरलेलं असताना "उसण भरलीय" म्हणून ओढलं तर पोराचा हंगाम जातो. पण ही चूक सुधारायला त्या मालिशवाल्याला कोणी शिकवायलाच गेलं नाही. तिकडे बिलिकनं पुस्तक लिहिलं. इकडे डॉक्टर एका रस्त्यानं गेले, वस्ताद दुसऱ्या.

डॉक्टरांच्या रस्त्यावर काय झालं तेही बघू. १९५२ मध्ये मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. लहान पोरं पांगळी झाली. त्यांना चालतं करायला माणसं हवीत म्हणून परळच्या केईएम हॉस्पिटलात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं, देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. १९५५ मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आली. योगायोग बघा, जी विद्या खाशाबांच्या गुडघ्याला हवी होती ती त्याच काळात मुंबईत जन्माला येत होती. पण ती आली पोलिओच्या पोरांसाठी, लकव्याच्या रुग्णांसाठी, आणि तेच बरोबर होतं. मैदानाकडे वळायला तिला तीस-पस्तीस वर्षं लागली.

क्रिकेटपासून वळली, दुसरं काय. मुंबईचे डॉ. अली इराणी १९८७ पासून दशकभर भारतीय संघाचे फिजिओ होते. आमच्या पिढीनं फिजिओ हा प्राणी पहिल्यांदा पाहिला तो दूरदर्शनवर, छोटी बॅग घेऊन मैदानात पळत येणारे इराणी. त्यानंतर अँड्र्यू लिपस आले, जॉन ग्लॉस्टर आले, परदेशी माणसं, लॅपटॉप, बर्फाचे टब. आणि या सगळ्या झगमगाटात एक मराठी माणूस होता रमेश माने. संघाचा मसाजर. खेळाडू त्यांना मानेकाका म्हणत. २०११ चा विश्वचषक जिंकला त्या ड्रेसिंग रूममध्ये ते होते. बोर्डानं तेव्हा सपोर्ट स्टाफला प्रत्येकी ५० लाख रुपये जाहीर केले होते. तालमीतल्या चोळणाऱ्याचा वारस वानखेडेवर पोचला तो असा. मला त्या विजयातलं हे चित्र सगळ्यात आवडतं, धोनीच्या सिक्सरपेक्षाही.

पण वानखेडेवरून कल्याण लोकल पकडा आणि तासाभरात आपल्या फडके मैदानावर किंवा सुभाष मैदानावर या. इथे कोण आहे?

मी १९९० च्या दशकाच्या शेवटाला बातमीदारी सुरू केली तेव्हा नवख्याला क्राइम देत नसत, स्पोर्ट्स देत. आंतर-महाविद्यालयीन कबड्डी, खो-खो, क्रॉस कंट्री. एका कॉलेजच्या (नाव घेत नाही) कबड्डीच्या पोराचा घोटा माझ्यासमोर वळला. आवाज आला. तो बाहेर येऊन बसला. शिक्षकांनी रसवंतीवाल्याकडून बर्फाचा खडा मागवला, तो रुमालात बांधला. कोणीतरी स्प्रे मारला. दहा मिनिटांनी क्रेप बँडेज करकचून आवळलं आणि गडी परत आत. त्यानं दोन गुण आणले, टाळ्या पडल्या, मी बातमीत "जिगरबाज" असा शब्द लिहिला. तेव्हा आपल्या सगळ्यांचीच शब्दसंपत्ती तशी होती. पुढच्या हंगामात तो पोरगा दिसला नाही. त्याच्या मित्रानं सांगितलं, पोलीस भरतीत १६०० मीटर पळताना पाय साथ देत नाही म्हणून आता रिक्षा चालवतो.

इथे आपल्याकडचा खेळ नुसता खेळ नसतो हे बाहेरच्यांना कळत नाही. डोंबिवली-कल्याणच्या चाळीतल्या, टिटवाळा-मुरबाडकडच्या गावांतल्या पोरासाठी आंतर-विद्यापीठ स्पर्धेचं प्रमाणपत्र म्हणजे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. तो घोटा म्हणजे घरातली पहिली पगाराची नोकरी. म्हणून तो दुखणं लपवतो. कोचला नाही सांगत, आईला तर नाहीच नाही. जो माणूस त्याला संघातून काढू शकतो त्याला तो "सर, पाय दुखतोय" असं कशाला सांगेल?

अ‍ॅथलेटिक ट्रेनर या पेशाचा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे. तो कोचच्या हाताखाली नसावा. "आज हा खेळणार नाही" हे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे असावा आणि सामना हरला तरी त्याची नोकरी जाऊ नये. अमेरिकेतसुद्धा हे सहज झालेलं नाही. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर नावाचा १९ वर्षांचा फुटबॉलपटू सरावात धावता धावता उष्माघातानं कोसळला. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं असतं, आधी गार करायचं आणि मग हॉस्पिटलला न्यायचं असतं, हे तिथल्या पुस्तकात लिहिलेलं होतं. केलं नाही. पोरगा दोन आठवड्यांनी गेला. तिथे शिकलेले ट्रेनर होते, पगारी होते, तरी झालं. पण मग विद्यापीठाला मान्य करावं लागलं की चूक झाली. ट्रेनर घरी गेले, मुख्य कोचला काढलं, आईवडिलांना ३५ लाख डॉलर द्यावे लागले. जबाबदारीची जागा होती म्हणून जबाबदार माणूस सापडला. आपल्याकडे ऑक्टोबर हीटमध्ये क्रॉस कंट्रीत पोर कोसळलं तर कोणाला विचारायचं? शिपायाला?

कॉलेजमध्ये यासाठी एक पद आहे, क्रीडा संचालक. शारीरिक शिक्षण संचालक म्हणा. चांगली माणसं पाहिलीत मी त्या खुर्चीत. स्वतःच्या खिशातून पोरांना केळी खाऊ घालणारी. पण तो एकटा माणूस पात्रतेचे फॉर्म भरतो, बस ठरवतो, ड्रेस आणतो, मैदानाची परवानगी काढतो, प्रवासभत्त्याची बिलं लिहितो, परीक्षेला सुपरव्हिजन करतो, जिमखाना दिनाला मांडववाल्याशी भांडतो. पंधरा-वीस खेळांचे संघ. त्यानं घोटे कधी बघायचे? आणि बघायचे तर त्याला ते शिकवलंय कुठे?

मुलींचा विषय तर आपण काढतच नाही. तालमीतला मालिशवाला जसा होता तसा मुलग्यांना तरी होता. खो-खोची मुलगी मांडीचा स्नायू ताणला म्हणून कोणाकडे जाणार? पुरुष शिक्षकाला सांगायची चोरी, संघासोबत बाई आली असेल तर ती बहुतेक इतिहास किंवा अकाउंट्स शिकवणारी, सोबत म्हणून पाठवलेली. मुली वळताना, उडी मारून उतरताना गुडघ्यातली दोरी तुटण्याचा धोका मुलग्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो, हे जगभरात मोजून झालंय. खो-खो म्हणजे तर वळणं आणि अचानक थांबणंच. योग्य वॉर्मअपनं हा धोका बराच कमी करता येतो. आठवड्यातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं, वर खर्च शून्य. फक्त ते करून घेणारं माणूस हवं.

आता "करिअर" म्हणून बघू, कारण इनबॉक्समध्ये पालक हे हमखास विचारतात. आपल्याकडे अ‍ॅथलेटिक ट्रेनर नावाची वेगळी सरकारमान्य वाट नाही. मुलगा किंवा मुलगी फिजिओथेरपीला जाते. नीट द्यायची, साडेचार-पाच वर्षं, मग स्पोर्ट्समध्ये मास्टर्स दोन वर्षं. दुसरी वाट बीपीएड-एमपीएड. तिसरी पतियाळाच्या एनआयएसची, तिथे १९६१ पासून कोच तयार होतात. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि पहिल्यांदाच क्रिकेटबाहेर फिजिओला बरा पगार दिसला. मातीवरची कबड्डी मॅटवर गेली, बूट आले, वेग वाढला आणि गुडघे-घोटेही जास्त गेले, म्हणून संघांना फिजिओ लागलेच. फ्रँचायझी, आयपीएल, अकादम्या, मोठी हॉस्पिटलं इथे नोकरी आहे. कॉलेजमध्ये नाही. म्हणजे अमेरिकेत जिथून हा पेशा सुरू झाला तीच जागा आपल्याकडे रिकामी. २०२१ च्या केंद्राच्या कायद्यानं फिजिओथेरपीला राष्ट्रीय पातळीवर एका आयोगाखाली आणलं, आपल्या राज्याचा कौन्सिलचा कायदा २००२ चा आहे. कागदावर माणूस तयार आहे. त्याला बोलावणारं पत्र निघत नाही.

पैसे नाहीत, असं उत्तर येईल. ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यातली कॉलेजं मोजा, एका कॉलेजला परवडत नसेल तर पाच कॉलेजांनी मिळून एक माणूस ठेवायचा. सोमवारी याच्याकडे, मंगळवारी त्याच्याकडे. प्रत्येक विद्यार्थ्याकडून जिमखाना फी घेतलीच जाते, पावतीवर बघा. फिजिओथेरपी कॉलेजांच्या इंटर्नना स्पर्धेच्या दिवशी मैदानावर बसवायचं, त्यांना अनुभव आणि पोरांना उपचार. यात रॉकेट सोडायचं नाहीये. तपासायचं काय तेही साधं आहे. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये घोट्यासाठी नियम लिहून ठेवले: मुरगळल्या जागी आणि नंतर तपासताना पोरगा चार पावलं टाकू शकतो का, आणि घोट्याच्या हाडांच्या ठरावीक जागा दाबल्यावर दुखतात का. टाकू शकत नसेल किंवा दुखत असेल तर एक्स-रे, मग बाकीचं. हे दोन तासांच्या शिबिरात क्रीडा संचालकांना, कॅप्टनना, आणि हो, आपल्या गल्लीतल्या मालिशवाल्यांनाही शिकवता येतं. त्यांना हाकलून देऊ नका, त्यांच्या हातात चाळीस वर्षांचा स्पर्श आहे. फक्त चोळायचं कधी नाही, एवढं त्यांना सांगा.

शिव छत्रपती पुरस्कारात खेळाडूला जागा आहे, मार्गदर्शकाला आहे. घोटा बांधणाऱ्याला वेगळी जागा नाही. ती करायला सरकारला एका ओळीचा जीआर पुरेल. आपल्या आमदार-खासदारांपैकी कोणी ही पोस्ट वाचत असेल (त्यांचे पीए वाचतात हे मला माहितीय) तर पुढच्या १५ जानेवारीला हार घालण्याआधी हा विषय काढता येईल.

आणि माझं एक काम करा. कल्याण, डोंबिवली, ठाणे, भिवंडी, मुरबाड इथल्या तालमींत, व्यायामशाळांत, कबड्डीच्या मंडळांत मालिश करणारी, हाड बसवणारी, पाय बांधून देणारी जुनी माणसं तुम्हाला आठवत असतील. त्यांची नोंद कुठल्याही स्मरणिकेत नाही, ग्रुप फोटोत ती कडेला अर्धी कापलेली असतात. घरात असा फोटो असेल तर त्याचा फोटो काढून मला पाठवा, सोबत तालमीचं नाव आणि साधारण साल. त्या घरच्यांना विचारूनच नाव टाकेन.

विद्यापीठाच्या स्पर्धा सुरू झाल्या की मी मैदानांवर फिरणारच आहे. या वेळी स्कोअर लिहिण्याआधी प्रत्येक संघाच्या बाकावर एकच गोष्ट बघणार, बर्फाची पेटी आहे की नाही. यादी इथेच टाकेन, कॉलेजच्या नावासकट.